न उघडणारी पेटी

"बाबा, समजा तो माणूस उद्या तुमच्यासमोर येऊन उभा राहिला, तर तुम्ही त्याला खरंच गोळी घालाल?"

बाबांचा घास हातातच राहिला. आई पाणी ओतत होती, ती ओततच राहिली आणि पेला भरून टेबलावर ओघळ आला. सहा वर्षांची पिटुकली तेवढी मजेत होती, कारण तिला भाजीतले वाटाणे वेगळे काढून त्यांची आगगाडी करायची होती.

प्रश्न तसा शिट्टीचा, म्हणजे थोरल्या मुलीचा, नव्हता. तोंड तिचं, आवाज तिचा. पण प्रश्न शिजला होता शाळेच्या मागच्या जिन्यात, मधल्या सुट्टीत, आणि शिजवणाऱ्या होत्या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी: नाकावरून सारखा चष्मा घसरणारी चष्मी, आणि 'आज कोणता वार' असं विचारलं तरी उलट तपासणी घेणारी वकिलीण.

"घरात बंदूक येणार म्हणून आठ दिवस नाक वर करून फिरतेस," वकिलीण म्हणाली होती. "मग बाबांना एवढं विचारून दाखव. नाही विचारलंस, तर उद्यापासून तुझं नाव पुन्हा मुकी."

मुकी! गेल्या वर्षीपर्यंत तिचं हेच नाव होतं. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घशात बोर अडकायचं. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी बोलणाऱ्या मुलीला कांजिण्या आल्या, बाईंनी दंडाला धरून हिला व्यासपीठावर ढकललं, आणि चौदा वर्षं कोंडलेली वाफ एकदम बाहेर पडली. दुसरा नंबर आला! त्या दिवशी बाबांनी तिचं बारसं नव्याने केलं. "आपला कुकर आहे हा," ते येईल त्याला सांगायचे. "वेळ लागला, पण शिट्टी झाली ती झाली. आता गॅस बंद केला तरी थांबत नाही."

पण ही बाबांची जुनी बडबड. गेले सात महिने ते असं काही बोलत नव्हते.

"शनिवारी बंदुकीच्या दुकानात जायचंय," बाबा आता म्हणाले. "तूही चल."

"हे उत्तर नाही झालं, बाबा."

"नाही झालं," बाबांनी कबूल केलं आणि घास तसाच ताटात ठेवला.

आईने फडक्याने टेबल पुसलं. जरा जास्तच जोरात पुसलं. "शिट्टे, जेव गुपचूप."

शिट्टी जेवली, पण गुपचूप जेवणं तिला आता जमत नव्हतं. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

*

बाबा कुलूपवाले. चौकाच्या वळणावर त्यांचं एवढंसं दुकान, भिंतीवर छतापर्यंत कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि मधोमध लाकडी बाकावर लोखंडी शेगडा, ज्याच्या जबड्यात किल्ली आवळून धरायची आणि कानशीने घासायची. ज्यांची किल्ली आत आणि दार बंद, ते सगळे बाबांना फोन करायचे. शिट्टी सात वर्षांची असल्यापासून त्या बाकावर बसून कुलपं उघडत होती. इतर मुलं शब्दकोडी सोडवतात, हिला बाबा जुनी कुलपं द्यायचे. "डोळे मीट," ते सांगायचे. "कुलूप बघायचं नसतं, ऐकायचं असतं."

बाबांचा एकच नियम होता, त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला. दाराला हात लावण्याआधी हसून विचारायचं, "घर तुमचंच ना? एखादा कागद दाखवता?" विजेचं बिल चालेल, ओळखपत्र चालेल, काहीच नसलं तर शेजाऱ्याने मान डोलावली तरी चालेल. पण विचारल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही.

सात महिन्यांपूर्वी संध्याकाळी सहाला एक फोन आला. बाबा गेले. दारात दोन माणसं उभी. बाबांनी नेहमीसारखं हसून कागद मागितला, आणि त्यातल्या एकाने कागदाऐवजी लोखंडी कांब काढली.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला. हत्यारांची पिशवी गेली. कुलपं उघडायला वीस वर्षं स्वतः घासून घासून बनवलेल्या सळ्या होत्या त्यात, एकेक दाढीच्या केसाएवढी बारीक.

आई हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. त्या संध्याकाळी तिचीच पाळी होती. चाकांच्या खाटेवर कोण आलंय ते न बघताच ती म्हणाली, "हात सरळ ठेवा," आणि मग तिने वर बघितलं. त्या एक्स-रेबद्दल आई घरात कधीच बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिचं एकच पालुपद सुरू झालं: "आपल्याकडे काहीतरी हवं."

हात सांधला. कांबवाला पकडला गेला, बाबांनी त्याला ओळखलं, आणि काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. दुकानाच्या आसपास फिरकायचं नाही, अशी कोर्टाची अट होती. पण महिन्यापूर्वी एका दुपारी तो आलाच. दुकानासमोर उभा राहिला, बाबांच्या उजव्या हाताकडे बघून हसला आणि गेला. बस, तेवढंच.

शिट्टी तेव्हा बाकावर बसलेली होती. तिने त्याला बघितलं. भुवईतली तुटकी रेघ बघितली, पिवळ्या बटणांचा शर्ट बघितला. ओरडावं, रस्ता गोळा करावा, एवढी मोठी वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी! पण घशात तेच जुनं बोर. चकार शब्द फुटला नाही. हे तिने चष्मीला सांगितलं नाही, वकिलिणीला तर नाहीच नाही.

"पोलिसांना सांगू या ना," रात्री जेवताना ती कशीबशी म्हणाली होती.

"काय सांगू? तो हसला म्हणून?" बाबा म्हणाले होते.

"आणि बघितलं कोणी, तर हिने," आई म्हणाली होती. "माझ्या मुलीचं नाव कुठल्या कागदावर यायला नको. त्यापेक्षा परवाना येऊ दे."

आणि परवाना आला. अर्ज, चौकशा, सराव, सह्या, सगळं पार पाडून आला. शहरातलं सगळ्यात पक्कं कुलूप ज्या घराला होतं, त्या घरातला माणूस झोपण्याआधी पाच-पाच वेळा उठून ते कुलूप ओढून बघत होता. म्हणून परवाना आला.

*

बंदुकीचं दुकान शिट्टीला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. चष्मीने सांगितलं होतं की आत काळे चष्मे घातलेली माणसं असतील. आत होते एक म्हातारे आजोबा, बाह्या दुमडलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आणि वास? अगदी बाबांच्या दुकानासारखा. तेलाचा आणि लोखंडाचा.

"आजोबा, यातली सगळ्यात भरवशाची कुठली?" आत पाय टाकताक्षणी शिट्टीने विचारलं.

आजोबांनी चष्मा लावला आणि तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "परवाना तुझ्या नावावर आहे?"

"नाही, बाबांच्या."

"मग त्यांना बोलू दे. पण प्रश्न चांगला काढलास. लोक आधी विचारतात दिसायला झकास कुठली." ते बाबांकडे वळले. "भरवसा म्हणजे दोन गोष्टी, साहेब. सांगितलं की उडालंच पाहिजे. आणि सांगितलं नाही, तर उडता कामा नये. पहिली गोष्ट बंदूक बघते. दुसरी तुमचं घर बघतं."

मग त्यांनी काचेखालून एकेक बाहेर काढली. प्रत्येक वेळी आधी स्वतः उघडून रिकामी असल्याचं बघायचे, मग बाबांना दाखवायचे, मग आईला, आणि तेव्हाच हातात द्यायचे. आईला सगळ्यात छोटी आवडली. "ही बरी. पर्समध्येही राहील."

"दिसायला गरीब आहे ती, ताई," आजोबा म्हणाले. "पण उडवली की हाताला लाथ मारते. त्या लाथेला घाबरून माणूस सराव सोडतो, आणि सराव सोडला की मग ती बंदूक नाही, नुसती काळजी." त्यांनी पिस्तूल दाखवलं. "यात गोळ्या जास्त. पण मॅगझिन आलं, स्प्रिंगा आल्या, म्हणजे साफसफाई आली. आळशी माणसाचं काम नाही." आणि मग एक जाडजूड, अनाकर्षक, पोटावर गोल चक्री असलेलं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. "ही म्हातारी. सहाच गोळ्या. पण हिच्यात बिघडायला फारसं काही नाही."

बाबांनी ते हातात घेतलं. सांधलेल्या उजव्या हातात. मग त्यांनी नळी भिंतीकडे ठेवली, डोळे मिटले आणि चक्री अंगठ्याने हळूहळू फिरवली. टिक. टिक. टिक.

"गोळीचं एक घर जरा घट्ट आहे," ते म्हणाले. "हे. बाकीच्यांपेक्षा उशिरा बसतं."

आजोबांनी रिव्हॉल्व्हर घेऊन कानाशी धरलं, चक्री फिरवली, पुन्हा फिरवली. "चाळीस वर्षांत," ते सावकाश म्हणाले, "हे मला गिऱ्हाईकाने सांगितलेलं नाही. करता काय तुम्ही?"

"कुलूपवाला आहे."

आणि बाबा हसले! तोंडभर, डोळ्यांपर्यंत. सात महिन्यांनी. शिट्टीच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. घ्याच हे, तिने मनात म्हटलं, दोन घ्या, चार घ्या, हवं तर तोफ घ्या!

"आता पेटी," आजोबा म्हणाले. "पेटीशिवाय मी देत नाही." त्यांनी पोलादाची एक पेटी ठेवली, आकड्यांच्या कुलपाची. बाबांनी ती जवळ ओढली, कान टेकवला, आणि आजोबांनी चष्मा पुसून होईपर्यंत झाकण वर.

"अहो!" आई म्हणाली.

आजोबांनी दुसरी काढली, किल्लीची, जाड. बाबांनी ती मुकाट्याने शिट्टीपुढे सरकवली. तिने केसातली पिन काढली, डोळे मिटले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली. खट्. झाकण वर. तिने अभिमानाने आजोबांकडे बघितलं. टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या.

आजोबा हसत नव्हते.

"घरात अजून कोण आहे?"

"धाकटी आहे. सहा वर्षांची," बाबा म्हणाले.

"तिलाही येतं हे?"

"छोटी कुलपं तेवढी," शिट्टी म्हणाली. "मीच शिकवली!" आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे सांगायला नको होतं.

आजोबांनी रिव्हॉल्व्हर पुसलं आणि काचेखाली परत ठेवलं. "पुढच्या शनिवारी या. तुमच्या घरात न उघडणारी पेटी घेऊन या, आणि या म्हातारीला घेऊन जा. तोवर ही दुसऱ्या कुणाला देत नाही. शब्द."

परतीच्या वाटेवर आई धुमसत होती. "गिऱ्हाईकाला परत पाठवतो म्हणजे काय? आणि तू गं, पिन काढायची काही गरज होती?"

"राहू दे," बाबा म्हणाले. ते भराभर चालत होते आणि त्यांची बोटं हवेत काहीतरी वळवत होती. "बरोबर बोलला तो. करतोच मी पेटी. अशी करतो की मलाच उघडता येणार नाही."

*

तो आठवडा म्हणजे काय सांगावं! बाबा सकाळी लवकर दुकानात, दुपारी डबा तसाच, संध्याकाळी बोटं काळी. शेगड्यात पितळ आवळलेलं, कानशीचा खर्र खर्र, आणि चक्क शीळ. मोजमापासाठी त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा लाकडी नमुना कोरला, त्याला चाप म्हणून वाकवलेला खिळा ठोकला, आणि पेटीत मऊ कापडाची बरोबर तेवढी खोबण केली.

"मग? काय म्हणाले बाबा?" वकिलीण रोज विचारायची.

"उत्तर राखून ठेवलंय."

"म्हणजे तू सध्या अर्धी मुकी."

बुधवारी शाळा सुटल्यावर शिट्टी दुकानात गेली. बाबा कुलपाच्या आतल्या पिना बसवत होते. तिने बाकावर बसून पाय हलवले, बाहेर रस्त्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं. पिवळी बटणं कुठे नव्हती. तरी ती दर मिनिटाला बघत होती. बाबाही बघत होते. दोघंही एकमेकांना न दाखवता.

"त्या दिवशी तू विचारलंस ना," बाबा मान वर न करता म्हणाले. "त्या संध्याकाळी माझ्या हातात हातोडी होती."

शिट्टीचे पाय थांबले.

"पोलिसांना हे सांगितलं मी. तुझ्या आईला नाही सांगितलं. त्याने कांब उचलली तेव्हा माझ्या हातात हातोडी होती, चांगली वजनदार. वेळही होता. मला ती उचलता आली नाही. त्याचं कपाळ दिसत होतं मला, समोर, आणि हात वर जाईना. मग त्याचा आला."

"मग बंदूक..."

"बंदुकीचं मला माहीत नाही, बाळ." त्यांनी पिन चिमट्यात धरली. "पण ती कपाटात आहे म्हटल्यावर झोप तरी लागेल."

शिट्टीला खूप बोलायचं होतं. मलाही हात वर करता आला नाही, बाबा, म्हणजे तोंड. पण त्यांनी पिन बसवली, 'टिक' असा आवाज आला, आणि ते पुन्हा शीळ घालायला लागले. ती शीळ मोडायचा तिला धीर झाला नाही.

त्याच संध्याकाळी पेटी घरी आली. दोन भोकं, त्यातलं एक खोटं. खऱ्या भोकात सात पिना, प्रत्येक वेगळ्या उंचीची, आणि दोन तर उलट्या बसवलेल्या. आत लाकडी नमुना आणि एक मोठं चॉकलेट.

"शुक्रवार रात्रीपर्यंत मुदत," बाबांनी जाहीर केलं. "उघडलीस तर चॉकलेट तुझं, आणि मी पुन्हा नवीन पेटी करायला बसतो."

पेटी बैठकीच्या खोलीत खालच्या फळीवर ठेवली, म्हणजे शिट्टीला बसून उघडता यावी. तिने बुधवारी पिन वापरली, गुरुवारी बाबांच्या नव्या सळ्या वापरल्या, कान लावून मान अवघडली, खोट्या भोकात एक सळी मोडली. पेटी ढिम्म. बाबा तिच्यामागे उभे राहून हात चोळत होते. "काय मॅडम? आज शिट्टी नाही होत?" आईसुद्धा हसली. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं. आणि शिट्टीला पहिल्यांदाच मनापासून हरावंसं वाटत होतं.

*

शुक्रवारी दुपारी ती शाळेतून आली. आई पाळीवर, बाबा दुकानात. शेजारच्या काकू पिटुकलीला शाळेतून आणून सोडायच्या आणि शिट्टी येईपर्यंत बसायच्या. काकू होत्या, खुर्चीत, स्वेटर विणता विणता डुलकी लागलेल्या. आतून पिटुकलीचा आवाज येत होता, अगदी शाळेतल्या नर्सबाईंसारखा.

"रांगेत उभं राहायचं. ढकलायचं नाही. पुढे या."

बाहुली, अस्वल आणि एक तुटका हत्ती रांगेत बसलेले. पिटुकलीच्या हातात बाबांचा लाकडी नमुना. तिने नळी बाहुलीच्या कपाळाला टेकवली, खिळा बोटाने ओढला. "टुईं. ताप नाही. जा वर्गात." अस्वलाच्या कपाळाला टेकवली. "टुईं. तुला आहे. तू घरी जा."

तिच्या शाळेच्या दारात रोज असंच करतात. ताप मोजायचं यंत्र कपाळासमोर धरायचं, चाप ओढायचा, आकडा बघायचा.

"पिटुकले," शिट्टी म्हणाली. "कुठून घेतलंस ते?"

"पेटीतून. ताई, तूपण रांगेत ये."

"उघडलीस कशी? किल्ली कुठे मिळाली?"

"मी नाही उघडली!" पिटुकली दुखावली. हनुवटीला चॉकलेट लागलेलं होतं. "मला वरचा डबा हवा होता. म्हणून मी पेटीवर चढले. मग ती पडली. मग तीच उघडली."

"पडून कशी उघडेल गं?"

"बघ तर!" पिटुकलीने झाकण दाबलं. खट्, बंद. मग दोन्ही हातांनी पेटी उलटी केली आणि धपकन जमिनीवर आपटली. आतून खिट्टी सरकल्याचा बारीक आवाज आला आणि झाकण आपोआप सुटलं.

सात पिना. दोन उलट्या. खोटं भोक. आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारी आतली खिट्टी एका नाजूक स्प्रिंगेवर. बाबांनी पेटी बनवली होती कुलूप उघडणाऱ्यांसाठी. दोन दिवस शहरातला सगळ्यात हुशार कुलूपवाला आणि त्याची हुशार मुलगी त्या भोकात डोळे घालून बसले होते. पेटी उलटी करून आपटावी हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण असं अडाणी काम त्यांच्या घराण्यात कोणी करत नाही.

"आता तुझा ताप," पिटुकली म्हणाली आणि टाचा उंच करून तिने नळी शिट्टीच्या कपाळाला टेकवली. लाकूडच ते. तरी गार लागलं. "टुईं. ताप नाही. आता माझा." आणि तिने ती स्वतःकडे वळवली.

शिट्टीने नमुना हिसकावून घेतला. पिटुकली भोकाड पसरून रडली, काकू दचकून उठल्या, लोकरीचा गुंडा खुर्चीखाली घरंगळत गेला. "काय गं, काय झालं?"

"काही नाही, काकू," शिट्टी म्हणाली. नमुना तिने पाठीमागे धरला होता.

तिने सगळं जागच्या जागी ठेवलं. खोबणीत नमुना, झाकण खट्. चॉकलेटचा कागद चुरगाळून दप्तरात. पेटी खालच्या फळीवर, बाबांनी ठेवली होती तशी, भोकं समोर.

संध्याकाळी बाबा आले ते शीळ घालतच. "मुदत संपली! उघडली?"

"मला नाही उघडता आली," शिट्टी म्हणाली. शब्दाला शब्द खरा होता आणि तोंडात कडू लागत होता. पिटुकली काही बोलायच्या आत तिने तिच्या तोंडात बिस्किट कोंबलं.

"हरली!" बाबांनी टाळी वाजवली. "अगं ऐकलंस का, आपली शिट्टी हरली!" आणि त्या रात्री ते लवकर झोपले. कुलूप एकदाच ओढून बघितलं.

शिट्टी मात्र या कुशीवरून त्या कुशीवर. सांगावं, तर शीळ थांबणार. न सांगावं, तर उद्या त्या खोबणीत लाकूड नसणार. नुसतं स्प्रिंगेबद्दल सांगितलं तर? बाबा तासाभरात जाड स्प्रिंग बसवतील, खिट्टी वाकवतील, आणि पुन्हा सगळे मिळून भोकात बघत बसतील. आणि पिटुकलीला उद्या दुसरा कुठला डबा हवा असेल. आणि पिवळ्या बटणांचा माणूस? तो तसाच मोकळा फिरत राहणार, हसत, कारण तो आला होता हे एका मुलीने बघितलंय आणि ती मुलगी मुकी आहे.

*

शनिवारी सकाळी आईने चांगली साडी नेसली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, परवाना खिशात आहे ना ते दोनदा चाचपलं आणि पेटी उचलायला वाकले. पेटी फळीवर नव्हती.

ती जेवणाच्या टेबलावर होती. शेजारी शाळेचा गणवेश घालून शिट्टी उभी होती, शनिवार असून. वेणी घट्ट. अगदी स्पर्धेच्या दिवशी होती तशी.

"हे काय? चल, आवर, उशीर होतोय," आई म्हणाली.

"पिटुकले," शिट्टी म्हणाली, "दाखव."

पिटुकलीला दोनदा सांगावं लागत नाही. तिने टेबलावर चढून पेटी उलटी केली. धप्प. झाकण सुटलं. तिने नमुना काढला, बाबांपुढे गेली, "खाली वाका," म्हणाली, आणि बाबा सवयीने वाकले. तिने नळी त्यांच्या कपाळाला टेकवली आणि खिळा ओढला.

"टुईं. ताप नाही."

बाबा तसेच वाकलेले. मग आईने झडप घालून पिटुकलीला पोटाशी ओढलं, आणि तो लाकडाचा तुकडा तिने असा धरला जसा तापलेला तवा धरतात.

"स्प्रिंग," बाबा शेवटी म्हणाले. ते पेटीकडे बघत होते, पण आवाज दुसरीकडूनच येत होता. "स्प्रिंग हलकी पडली. तासाभराचं काम आहे. बसवतो..."

"बसवाल," शिट्टी म्हणाली. "तुम्ही बसवाल हे मला माहितीये, बाबा. तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही. पण आपण दोघं भोकात बघणारी माणसं आहोत, आणि ही पेटीवर चढणारी आहे. पुढच्या वेळी ही काय करेल ते आपल्याला सुचणारच नाही."

"शिट्टे, हे मोठ्यांचं..." आईने सुरुवात केली.

"आई, थांब. मला एकदाच बोलायचंय, नाहीतर पुन्हा अडकेल." तिने टेबलाची कड धरली. "तो दुकानासमोर आला तेव्हा मी बाकावर होते. मी त्याला बघितलं, बाबांइतकंच. भुवई तुटकी आहे, डावी. पिवळी बटणं. दुपारचे साडेतीन, आमचा तास रद्द झाला होता त्या दिवशी, शाळेच्या वहीत लिहिलेलं आहे. मी ओरडले नाही. बाबांना हातोडी उचलता आली नाही, आणि मला तोंड उघडता आलं नाही."

"हातोडी?" आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली.

"तुम्हाला मारता येत नाही, बाबा. नाही येत तर नाही येत, त्यात काय! पण मला बोलता येतं. म्हणजे आता येतंय, बघा, येतंय." तिने एक मोठा श्वास घेतला, असा की मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जावं. "म्हणून मी ठरवलंय. बंदुकीच्या दुकानात आपण आज जायचं, पण आजोबांना एवढंच सांगायला की ती म्हातारी दुसऱ्या कुणाला द्या. आणि तिथून सरळ पोलिस स्टेशनात. तो अट मोडून आला होता, हे मी सांगणार. माझं नाव कागदावर येणार, आई, येऊ दे. मीच लिहिणार आहे ते, पूर्ण नाव, आडनावासकट. तुम्ही दोघं बरोबर आलात तर बरं. नाही आलात, तरी मी निघालेय."

आणि तिने चपला घातल्या.